माहे जंतू कोन पोसून राहिलं?

आता हे सांगतो तं तुमी हसान. हसा! पन त्या दिवशी अमरावतीच्या लॅबमदी मी भांडलो तो हक्कानं भांडलो, हे आदी ध्यानात घ्या.

झालं असं, मले खोकला लागला. साधासुदा नाही बाप्पा! मी वावरात खोकललो का परतवाड्याच्या रोडवरची जीप थांबे! आमी भाजीपाला पिकवनारे लोक, फवारनी केली का थोडाफार खोकला येतेच. पन हा जाईच ना. डॉक्टरनं बेडका तपासाले लावला. दुर्बिनीखाली काही दिसलं नाही, मशीनमदी काही निघालं नाही, पन एक्स-रेवर डाग!

"टीबीचा संशय हाय," डॉक्टर म्हने, "अमरावतीले नमुना पाठवतो. तिथं कल्चर लावतीन."

झालं! घरी माहा चहाचा कप वेगळा. रोज माह्या बाजेवर बसनारा शेजारी वामनराव आता फाटकाबाहेरून बोले. अरे, टीबी असन तं औषध घेईन, बरा होईन, चोरी केली काय मी? तोंडाले दुपट्टा बांधला आन मुद्दाम चौकातल्या पारावर जाऊन बसलो. पाहा म्हनलं, कोनाले पाहाचं ते!

पन रिपोर्ट काही येईना. शेवटी बायकोले, सुमनले, संगं घेतलं आन बशीनं अमरावती गाठली. लॅबच्या खिडकीत पांढऱ्या कोटातली एक पोरगी बसली होती.

"बाई, माह्या बेडक्याचं काय करून राहिले तुमी?"

"काका, कल्चरला वेळ लागतो. बाटलीत खाऊ घालून, उबेत ठेवून आम्ही जंतू वाढवतो."

मी उडालोच! "वाढवता? मी त्यायले मारासाठी आलो आन तुमी खाऊ घालता? कोनाले इचारून?"

"काका, हळू बोला..."

"काहून हळू? माह्या छातीतले जंतू हायेत! आत्ताच्या आत्ता वापस द्या!"

मागची रांग अशी सरकली, का मधातून एस.टी. गेली असती. कोनीतरी तिकडूनच ओरडलं, "देऊन टाका ना बाई यायचे जंतू यायले!"

पोरगी हसू दाबत म्हने, "अहो, जंतू थोडे असले तर दुर्बिणीत दिसत नाहीत. म्हणून वाढवून बघतो. वाढले, की कुठल्या औषधानं मरतात तेही कळतं."

मले पटलं. खरंच पटलं. पन भांडन असं मधातच सोडता येते काय?

"मंग सांगा, किती वाढले माहे?"

तिनं कॉम्प्युटरमदी पाह्यलं. "एकही नाही. वाढायची मुदत संपली. कालच रिपोर्ट पाठवलाय. तुमच्या बाटलीत काहीच उगवलं नाही, काका."

दुसरा कोनी असता तं तिथंच हात जोडले असते. माह्या तोंडातून काय निघालं?

"काहीच नाही? असं कसं? तुमीच पानी कमी देलं असन!"

अख्खी रांग हसली. सुमननं मले हाताले धरून बाहेर आनलं. "अजी, रोग नाही निघाला म्हनून भांडनारा मानूस म्या पहिल्यांदाच पाह्यला!"

डॉक्टरनं मंग एक्स-रेवरचा डाग जुना आन खोकला फवारनीचा ठरवला, औषध देलं, गेलाही तो. राग मातर अजून गेला नाही. तुमीच सांगा, इतकं खाऊ घातलं, उबेत ठेवलं, आन माह्यासारख्या शेतकऱ्याचा एक जंतू उगवू नाही?