उन्हाची चावी

मानपाड्याला कंपन्यांच्या मागच्या अंगाला चार माळ्यांची, रंग उडालेली एक बिल्डिंग आहे. तिच्या तळमजल्यावर उजाडायच्या आत दिवा लागला की शेजाऱ्यांनी ओळखायचं, योगिनी ओट्याशी उभी राहिली. चहाचं आधण नाही, कणीक नाही. ओट्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि झाकणं उघडलेले लोखंडी डबे. कडप्प्याचा तो थंडगार ओटा हेच तिचं वर्कशॉप. नवऱ्याला, सुदेशला, पहिल्या शिफ्टचा डबा लागायचा, म्हणून शेगडी पेटायच्या आत वर्कशॉप बंद.

"नेमकं काय आहे आपलं?" सुदेश डोळे चोळत विचारायचा. "स्वयंपाकघरात कारखाना, का कारखान्यात स्वयंपाकघर?"

"भाजीत कधी स्क्रू लागलाय का दाताला?"

"एकदा."

"एकदाच ना? मग गप."

योगिनी आधी इथल्याच एका कंपनीत लाइनवर बसायची. हिरव्या पाट्यांवर बारीक बारीक पार्ट बसवायचे, टाके मारायचे, पाटी पुढे सरकवायची. पार्ट कशासाठी असतो हे विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, बाई, तुम्ही टाका मारा, डोकं आम्ही लावतो. तिनं टाका मारता मारता डोकंही लावलं. मग मालकानं एका सकाळी गेटला कुलूप ठोकलं आणि लाइनवरच्या साऱ्या बायका रस्त्यावर आल्या. मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, कुलूप काही निघालं नाही. योगिनी घरी आली ती हातातलं कसब आणि डोक्यातला राग घेऊन. त्यातलं कसब तिनं विकायला काढलं. राग घरीच ठेवला, तो अजून संपलेला नाही.

ती मिक्सर, अँप्लिफायर, भजनी मंडळांचे माइक दुरुस्त करायला लागली. एक दिवस कोपरीचा मितेश नावाचा गिटारवाला एक परदेशी पेडल घेऊन आला. पेडल म्हणजे पायानं दाबायचा डबा. गिटारचा सूर एका बाजूनं सरळ आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं फाटून, खरखरत, अंगात आल्यासारखा बाहेर पडतो. योगिनीनं झाकण उघडलं आणि हसायलाच लागली. "एवढंच? आणि एवढ्याशा सामानाला एवढा रुबाब?" तिनं तो डबा दुरुस्त केला, वर तसाच एक स्वतः बनवला. मितेशनं दोन्ही वाजवून बघितले आणि तिचा घेऊन गेला.

बनवणं सोपं होतं. सामान मिळवणं म्हणजे मारामारी. बाजारात मिळणाऱ्या पार्टांत निम्मे सोंगं घेतलेले. जुना नंबर घासायचा, वर नवा छापायचा, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. योगिनी पर्समध्ये नेलपॉलिश काढायच्या पाण्याची बाटली बाळगायची. नखं तिनं आयुष्यात रंगवली नव्हती. दुकानात उभ्या उभ्या कापसाचा बोळा पार्टावरून फिरवायची. नंबर पुसला गेला की तो बोळा दुकानदाराच्या नाकासमोर धरायची, आणि मग जे बोलायची ते आसपासची चार दुकानं कामं थांबवून ऐकायची. "माझ्या डब्यात खोटा पार्ट सापडला तर डबा माझ्या डोक्यात घाला," हे तिचं वाक्य ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गिटारवाल्यांना पाठ झालं होतं.

तिचा विश्वास एकाच माणसावर. विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे जुने रेडिओ फोडून त्यातलं सामान विकणारा त्र्यंबक. नवं तो काही विकतच नसे. "नव्यात खोटं असतं ताई, जुन्याची खोटं बोलायची उमर गेलेली असते," असं त्याचं म्हणणं.

असं सगळं बरं चाललेलं असताना भिवाबाबा तिच्या दारात आला.

भिवाबाबा म्हणजे मानपाड्याच्या पलीकडच्या गावचा जुना बेंजोवाला. आगरी माणूस. त्याच्या बापाची शेती होती, तिथं आता टॉवर आहेत. त्याच्या घरापुढे आता गाड्यांची रांग आहे, पण हळद असो की वरात, बेंजो वाजवायला तो अजून स्वतः उभा राहतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य, त्याला कधीकाळी कुणीतरी दिलेला एक फाटक्या आवाजाचा डबा जोडलेला असायचा. त्या आवाजावर पंचक्रोशीतल्या तीन पिढ्या नाचल्या. तो डबा दोन पावसाळ्यांमागे मेला. तेव्हापासून बाबाचा बेंजो सरळ वाजत होता, आणि सरळ बेंजोवर कोण नाचतो? त्याच्या बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला धनेश पुढे आला, बाबा मागे गेला.

"नातवाचं लगीन हाय, हर्षितचं," बाबा म्हणाला. "त्याच्या वरातीला माना माजा आवाज पायजे. नायतर धनेश वाजवंल नि मी खुर्चीत बसून टाल्या वाजवीन."

योगिनीनं मेलेला डबा उघडला. आत दोन छोटे, धातूची टोपी घातलेले ट्रान्झिस्टर. जर्मेनियमचे. आता कुणी बनवत नाही असले. हल्लीचे सिलिकॉनचे सर्रास मिळतात, पण आवाज वेगळा. सोबत आलेल्या धनेशनं वाकून आत बघितलं.

"ताई, घरगुती लोणचं चालतं," तो म्हणाला. "घरगुती इलेक्ट्रॉनिक नाय चालत. वरातीत बंद पडलं तर आमच्या पार्टीची इज्जत जाईल."

झालं! हे योगिनीला बोलायला नको होतं.

"वरातीत माझा डबा बंद पडला," ती उठून उभीच राहिली, "तर योगिनी पुन्हा आयर्नला हात लावणार नाही. गावात सांग सगळ्यांना. आणि वाजला, तर तू येऊन माझ्या ओट्यावरची भांडी घासायची."

सुदेशनं कपाळावर हात मारून घेतला. बायको शब्द द्यायला जितकी घाई करते तितकाच तो पाळायला जीव टाकते, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

त्र्यंबकानं रेडिओंचा ढीग उपसून टोपीवाले मूठभर काढून दिले. योगिनीनं पहाटे ओट्यावर ते ओळीनं मांडले आणि एकेक मीटरला लावला. जर्मेनियमच्या अंगात थोडी गळती असतेच. बंद नळ थेंबथेंब गळावा तशी वीज त्यातून झिरपते. थोडी असेल तर आवाजाला गोडवा येतो, जास्त असेल तर आवाज बुडतो. हे ती व्हिडिओ बघून शिकली होती. तिनं दोन चांगले निवडले, टाका न देता खोबणीत बसवले, डबा बंद केला आणि सुदेशचा मोबाइल जोडून त्यातलं एक भजन आत सोडलं. ते डीजेसारखं बाहेर पडलं. सुदेश टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर आला आणि दोन पावलं नाचलासुद्धा.

तोच डबा भर दुपारी पार्टीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला तेव्हा मात्र वेगळंच झालं. वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा. बाबानं बटण दाबून तार छेडली. पहिले दोन सूर बरे आले. मग आवाज घोगरा झाला, तुटायला लागला, आणि शेवटी गळ्याला दोर लागलेल्या बोकडासारखा नुसता ब्यां ब्यां करून बसला.

"लोणचं नासलं," धनेश म्हणाला.

योगिनीनं डब्यातून ते दोन ट्रान्झिस्टर उपटले, मुठीत आवळले आणि तशीच निघाली. विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत मूठ उघडली नव्हती.

"त्र्यंबकभाऊ!" समोरचा चहावालासुद्धा दचकला. "तुम्ही पण? तुम्ही पण त्यांच्यातलेच निघालात?"

"काय झालं ताई?"

"काय झालं? गळका माल दिलात मला! मी गावाला शब्द देऊन बसलेय!" तिनं पर्समधून मीटर काढला, मुठीतला एक ट्रान्झिस्टर लावला. गळतीचा आकडा भसाभस वर गेला. "हे बघा! बघा ना डोळे उघडून!"

त्र्यंबकानं बघितलं. "मी तर रेडिओतनं काढले तसे दिले," तो पुटपुटला. काउंटरवर फोडलेल्या रेडिओंची इतकी गर्दी की हात टेकायला जागा नव्हती. त्यानं तिच्या हातातले दोन्ही ट्रान्झिस्टर घेतले आणि मागच्या माठाच्या ओल्या झाकणीवर फडकं टाकून त्यावर ठेवले. "आधी चहा घे. मग शिव्या दे. उपाशी पोटी शिव्या बाधतात."

"मला चहा नको."

"कटिंग सांगितलाय."

तिनं चहा घेतला, पण रागानं घेतला. चहा संपला तशी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि पुरावा म्हणून झाकणीवरचा ट्रान्झिस्टर उचलून मीटरला लावला.

आकडा खाली. अगदी पहाटे ओट्यावर होता तसा.

तिनं दुसरा लावला. तोही चांगला. तिनं पहिला पुन्हा घेतला आणि चिमटीत धरला. बोटांच्या उबेनं आकडा हळूहळू चढायला लागला. फुंकर घातली. उतरला. पुन्हा चिमटीत धरला. चढला.

"काय झालं ताई? एकदम गप झालीस. बरं वाटत नाही का?"

योगिनीला तिचा ओटा दिसत होता. रात्रभर गार पडलेला कडप्पा, डोक्यावर पंखा, उजाडायची वेळ. आणि तिला व्हिडिओतले ते सगळे मास्तर दिसत होते, स्वेटर घातलेले, मागच्या खिडकीत बर्फ पडतोय. त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नव्हतं की बाई, मे महिन्यात मानपाड्याला हे करू नका. ते कशाला सांगतील? त्यांच्या गावात वरात कुठे निघते पत्र्याच्या टेम्पोवरून?

माल खरा होता. मापलं होतं चुकीच्या गारव्यात.

"खोटा आहे ना माल?" त्र्यंबक घाबरत म्हणाला. "दुसरा देऊ?"

माफी हा शब्द योगिनीच्या तोंडाला कधी वळलेला नाही. ती चाचरली, घाम पुसला आणि म्हणाली, "राहिलेले टोपीवाले असतील तेवढे सगळे बांधा. आणि चहा चांगला होता."

"सगळे?"

"ऐकायला येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिनं सोपा मार्ग करून बघितला. सिलिकॉनचे बसवले, डबा गावात नेला. ऊन असो की आग, हे हलत नाहीत. बाबानं चार सूर वाजवले आणि बेंजो खाली ठेवला.

"यो आवाज चावतंय पोरी. माना खाजवनारा पायजे."

धनेशसुद्धा मान हलवून म्हणाला, "बाबा बरोबर बोलतात." तेव्हा योगिनीला पहिल्यांदा कळलं की हा पोरगा वाईट नाही, नुसता तोंडाळ आहे. म्हणजे आपल्यासारखाच.

तिथंच बसून बाबा बेंजो जुळवत होता. उन्हानं तारा उतरल्या होत्या. एक चावी किंचित पिळली, तार छेडली, पुन्हा किंचित पिळली. त्यात राग नाही, तक्रार नाही. तारा उन्हानं उतरायच्याच, आपण चढवायच्या. योगिनी बघत राहिली. प्रत्येक डब्याच्या पोटात ती एक बारीक स्क्रू ठेवायची. ट्रान्झिस्टरला किती वीज पाजायची ते तो ठरवतो. एकदा पहाटे फिरवायचा, झाकण बंद करायचं, विसरून जायचं. तो आत का ठेवायचा? व्हिडिओवाले आत ठेवतात म्हणून?

"बाबा," ती म्हणाली, "डब्याला अजून एक चावी दिली तर फिरवाल?"

"कंची?"

"उन्हाची. ऊन चढलं, आवाज बुडायला लागला, की चढवायची. सावली आली की उतरवायची."

बाबा हसला. "जनमभर त्याच तं करतंय."

तिनं डब्याच्या माथ्यावर भोक पाडलं, आतल्या स्क्रूच्या जागी लांब दांड्याचं बटण बसवलं, आणि त्र्यंबककडच्या फोडलेल्या रेडिओचा पिवळा पडलेला खुंटा त्यावर चढवला. या वेळी टोपीवाले ट्रान्झिस्टर तिनं भर दुपारी, बिल्डिंगच्या गच्चीवर, डोक्यावर पदर घेऊन मापले. वरचे शेजारी म्हणाले, हिला ऊन लागलं. बाबाच्या बायकोनं, कमळाबाईनं, थर्मोकोलचं एक खोकं आणून दिलं.

"याच्यान ठेव. टेम्पोचा पत्रा तापतंय."

"मावशी, याला बोंबलाचा वास येतोय!"

"मंग? बोंबील यात खराब होत नाय, तुजा डबा होल काय?"

वरातीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला धरत होतं. टेम्पोवर बाबा, बाजूला कीबोर्ड घेऊन धनेश, आणि बोंबलाच्या खोक्यात योगिनीचा डबा, वर पिवळा खुंटा तेवढा डोकावणारा. योगिनी टेम्पोला धरून चालत होती. सुदेश तिच्यासोबत होता.

पहिली तार वाजली आणि म्हाताऱ्या बायकांनी मागे वळून बघितलं. तो आवाज त्यांनी ओळखला. मग कुणाचे पाय थांबतात! नवरदेव हर्षित घोड्यावरच हलायला लागला, घोडेवाला ओरडायला लागला. देवळाच्या अलीकडच्या वळणावर मात्र सावली संपली. टेम्पो उघड्या उन्हात आला आणि आवाज घोगरा झाला. एक सूर तुटला. दुसरा बुडाला. धनेशचा हात कीबोर्डवर गेला. योगिनीनं टेम्पोची कड इतकी घट्ट धरली की पत्रा हाताला चटका देतोय हेही तिला कळलं नाही.

बाबानं डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात तारांवर, डावा खाली गेला. खुंटा किंचित पिळला. छेडलं. अजून किंचित. आणि तो खरखरीत, खाजरा, लाडिक आवाज उन्हातून असा वर उठला की धनेशनं कीबोर्डवरचा हात उचलला आणि सरळ टाळ्या वाजवायला लागला.

देवळापाशी वडाची सावली आली तेव्हा बाबाचा हात पुन्हा खाली गेला, उलट्या बाजूला. योगिनीनं ते बघितलं आणि टेम्पोची कड सोडली. आता तिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि ते तिला फार बरं वाटलं. नंतर ती नाचली, असं सुदेश सांगतो. ती नाही म्हणते.

जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारी त्र्यंबक होता. तिनंच फोन करून बोलावलं होतं. आमंत्रण असं नव्हतं, "या, नाहीतर घरी येऊन उचलून नेईन," एवढंच. समोर धनेश मटणाचा वाडगा घेऊन वाढत होता.

"भांडी कधी घासायला येऊ ताई?"

"उद्या पहाटे ये. आणि ओट्यावरचं सामान हलवायचं नाही, आधीच सांगते."

त्र्यंबकानं तिच्याकडे भीत भीत बघितलं. "ताई, एक विचारू? त्या दिवशीचं मला अजून कळलेलं नाही. माल खोटा होता का खरा?"

योगिनीनं स्वतःच्या ताटातली तांदळाची भाकरी उचलली, त्याच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "जेवा हो भाऊ. थंड होतंय."