फोनबाईंचा शिक्का

पूल ओलांडून होईपर्यंत ताई सात वेळा थांबल्या. थांबल्या की कठड्याला हात लावायच्या आणि समोरच्या पाटीकडे अशा बघायच्या, जणू ती वाचायलाच थांबल्यात. वहिनीनेही ती पाटी सातही वेळा वाचली. नणंदेचा मान कसा राखायचा, हे तिला बावीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

"गाडी करू या का, ताई?"

"नको गं. बसलं की खुबा दुमडतो आणि आतून करकर वाजतो. गाडीवाला म्हणेल, बाई, तुमचं काहीतरी सैल झालंय, गॅरेजला दाखवा."

वहिनी हसली, पण तिचे डोळे भरून आले. दोघी इस्पितळातून परत चालल्या होत्या, आणि ज्या कामासाठी गेल्या होत्या ते झालं नव्हतं.

त्या इस्पितळाच्या हाडांच्या विभागात ताईंनी अकरा वर्षं नोकरी केली. त्यांना सगळे फोनबाई म्हणत. एका कंपनीने खुब्याचा नवा धातूचा सांधा काढला होता. तो अंगाला बाधतो का, याचा अभ्यास या विभागात चाले आणि त्याचे पैसे तीच कंपनी देई. ताईंचं टेबल, फोन, पगार, सगळं त्यातलंच. ज्यांना तो सांधा बसवला त्यांना दर सहा महिन्यांनी फोन करायचा, कंपनीने छापून पाठवलेले प्रश्न विचारायचे आणि रकान्यात खूण करायची. ताईंचा आवाज गोड. एकीच्या सुनेचं बाळंतपण, दुसऱ्याचं गळकं छप्पर, सगळं त्यांना पाठ असे. तीन वेळा फोन करूनही कोणी उचलला नाही, तर लिहायचं, 'संपर्क तुटला'. मग ते माणूस मोजणीतून बाद.

एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, "सांधा काढून टाकला हो मी, दुसऱ्या इस्पितळात. आतलं मांस काळं पडलं होतं." ताईंनी रकाना शोधला. नव्हताच. त्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाहेरच्या इस्पितळात काढला म्हणजे आपल्या हातून गेला. संपर्क तुटला लिहा. प्रश्न कंपनीचे, नवा रकाना आपण कसा घालणार? मी विचारतो त्यांना."

त्यांनी विचारलंही. उत्तर कधी आलं नाही. अशी माणसं मात्र येत राहिली. तेच तेच लिहून हात दुखायला लागला, तेव्हा ताईंनी स्वतः जाऊन 'संपर्क तुटला'चा रबरी शिक्का करून आणला. विभागात त्यांची वाहवा झाली. अशा नेटक्या नोंदी कुठे बघायला मिळत नाहीत, म्हणाले.

अहवाल छापून आला. शंभरातले सत्त्याण्णव ठणठणीत! ताईंनी तो कागद घरी आणून देवापुढे ठेवला होता. पुढे त्यांचाच खुबा झिजला, तेव्हा वहिनी म्हणाली होती, "ताई, जरा दमाने घ्या."

"अगं, माझ्याच नोंदवहीवर माझा विश्वास नसेल, तर कोणाचा असणार?"

तोच सांधा बसवून घेतला. चार वर्षं झाली. आता रक्तात धातू उतरला होता आणि हाड आतून पोखरलं होतं. त्यांच्या विभागात म्हणत, फोटोत सांधा जागेवर दिसतोय. दुसऱ्या इस्पितळात म्हणाले, ताबडतोब काढा, पण तुमचं हृदय कमजोर आहे, खात्री देत नाही. पुढच्या सोमवारचा दिवस ठरला होता. त्याआधी आपल्याच नोंदवहीत आपल्या नावापुढे खरं लिहिलं जावं, सांधा बाधला म्हणून काढतायत, एवढ्यासाठी ताई आज चालत गेल्या होत्या.

डॉक्टरांनी उठून खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा ना, नियम काय आहे?"

आणि ताईंनी पाढे म्हणावेत तसं सांगून टाकलं, "बाहेर काढलेला सांधा मोजणीत धरायचा नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. ताईंच्या जागी आलेल्या बाईंसमोर तोच शिक्का पडला होता. त्याची मूठ ताईंच्या अंगठ्याने झिजलेली.

पूल संपला. पुढे चढ होता. वहिनी पुटपुटली, "देव बघतोय सगळं, ताई."

"बघतोय गं. पण त्याच्याकडे तरी रकाना हवा ना."

रोज न चुकता प्रार्थना करणाऱ्या वहिनीने विचारलं, "किती जणांना मारला असेल हो शिक्का?"

"आकडा विचारू नकोस. मला सगळ्यांचे आवाज आठवतात."

चढाच्या मध्यावर ताई आठव्यांदा थांबल्या. इथे वाचायला पाटी नव्हती. त्यांनी सरळ वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका जड तिला कधी लागला नव्हता.

"वहिनी, माझ्या सहामाही फोनची वेळ पुढच्या महिन्यात येते. सकाळी अकराच्या सुमाराला फोन येईल. मी उचलायला असेन की नाही, ठाऊक नाही. तू उचल. पहिल्याच वेळेला उचल. त्या बाईवर चिडू नकोस, तिलाही पोट आहे. सांग, सांधा काढला, या या कारणाने काढला. लिहिलंस ते वाचून दाखव म्हण. वाचेपर्यंत ठेवू नकोस. फोनवर शिक्क्याचा आवाज येतो, ठप् असा. तो आला, तर परत पहिल्यापासून सांग. एवढं करशील ना माझ्यासाठी?"