ओव्हरसियर काकांची भिंत

ओव्हरसियर काका कुणालाही 'का' असं विचारत नसत. ते विचारत 'कुठे'. म्हणजे आमच्या भाषेत 'कित्याक' नाही, 'खंय'. पेन्सिल कानावर, टेप खिशात आणि तोंडात 'खंय'! सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नवा नवा होता, आणि आमच्या बंदराच्या छोट्या गावात रस्ते, गटारं, पायऱ्या यांची कामं काकांकडे असत. एकदा मी त्यांना या सवयीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "गो, कित्याक इचारला की माणूस खोटा बोलता. खंय इचारला की बोट दाखवता."

बंदरावरून मासे घेऊन बाजारात चढणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी भर रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "माय, मान खंय दुखाक लागता?" म्हातारीने आधी चार शिव्या हासडल्या आणि मग वळणावरचा पिंपळ दाखवला. महिन्याभरात तिथे खांद्याच्या उंचीचा दगडी कट्टा उभा राहिला. आता कुणाच्या मदतीशिवाय पाटी डोक्यावरून सरळ कट्ट्यावर सरकवता येऊ लागली. म्हातारी पुढे काकांच्या घरी फुकट बांगडे टाकून जाई आणि काकी संकोचाने अर्धमेल्या होत.

काकींची तक्रार वेगळीच होती. "ह्यांका आमटीत मीठ नाय ता कळूचा नाय, पण देवळाची पायरी किती इंच वर आसा ता निजेतसुद्धा सांगतले!" काका यावर मान डोलवत आणि आमटी संपवत.

पण काकांचा जीव होता तो शाळेच्या पाणंदीत. शाळेतून बाजाराकडे येणारी ही अरुंद वाट फणस-आंब्यांच्या सावलीतून जायची. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणाची वई, एका बाजूच्या वईपलीकडे घरांची खळी, म्हणजे अंगणं. वाटेत गुरं शिरायची, सायकली अंगावर यायच्या. मुलींना त्रास नको म्हणून काकांनी वई काढून दोन्ही बाजूंना छातीभर उंचीची चिऱ्याची भिंत बांधली. एकेक चिरा खाणीवर जाऊन स्वतः निवडलेला, वर सिमेंटचा गुळगुळीत माथा. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. जो भेटेल त्याला ते ती भिंत दाखवत, आणि दाखवताना तिच्यावरून हात फिरवत.

मी तेव्हा दहावीत होते. भिंत झाली आणि गावातल्या रिकामटेकड्या पोरांना बसायला गार, सावलीतला माथा मिळाला. संध्याकाळी शाळा सुटली की दोन्हीकडून पाय लोंबकळत आणि डोक्यावरून वाटेल ते शब्द पडत. पूर्वी खळ्यात खाली बसून काम करणाऱ्या बायकांना वईतून आम्ही दिसायचो. आता भिंतीमुळे त्यांना काही दिसेना आणि आम्हालाही त्या दिसेनात. माझ्या वर्गातल्या शालूने घरी सांगितलं. तिच्या वडिलांनी पोरांना ब्रसुद्धा काढला नाही, तिचीच शाळा बंद केली. त्यानंतर आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. माझे बाबाही शालूच्या वडिलांहून फार वेगळे नव्हते, आणि मला तर कणकवलीला कॉलेजात जायचं होतं.

बाबांचं किराण्याचं दुकान. दुकान बंद करून आले की काका आणि ते आमच्या पडवीत गप्पा मारत बसत. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी काका म्हणाले, "एक नवल बघितलंय. बाजारातल्या उन्हात पोरींच्यो छत्र्यो मिटलेल्यो, आणि पाणंदीतल्या सावलीत उघडलेल्यो!"

"पोरींचे नखरे, दुसरा काय!" बाबा हसले. मी आत तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघाले, तर काका पाणंदीच्या तोंडाशी उभे. मला पाहून म्हणाले, "गो बाय, हय ये." मला वाटलं, झालं! विचारतील, मी रडेन, बाबांना कळेल आणि संपलं सगळं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कित्याक ता माका नको सांगू. छत्री खंय उघडतस आणि खंय मिटतस, तितक्याच दाखव."

एवढं सांगायला काही हरकत नव्हती. मी शाळेकडचा फणस दाखवला. "थंय उघडताव." मग बाजाराकडचं टोक दाखवलं. काकांनी दोन्हीकडे चुन्याची खूण केली. माझ्यामागून येणाऱ्या दहाबारा मुलींनाही त्यांनी तेच विचारलं. सगळ्यांची बोटं त्याच दोन जागांकडे गेली. मग त्यांनी दोन खुणांमध्ये टेप धरली. ते अंतर त्यांच्या भिंतीइतकंच भरलं.

त्यांनी टेप गुंडाळली आणि संध्याकाळी पोरं येण्याआधी स्वतः त्या माथ्यावर चढून बसले. आम्ही खालून जात होतो आणि ते आमच्या छत्र्यांकडे पाहत होते. इतका उतरलेला चेहरा मी मोठ्या माणसाचा तोवर पाहिला नव्हता.

पंधरा दिवसांत भिंत पाडायला माणसं आली. घरांच्या बाजूची अख्खी पाडली, तिथे गुडघाभर दगडी गडगा ठेवला. दुसऱ्या बाजूचा माथा असा उतरता केला की त्यावर चिमणीसुद्धा टिकू नये. त्यांच्या वरच्या साहेबांनी कारण मागितलं तेव्हा काकांनी शुद्ध मराठीत लिहून दिलं, 'आखणीत माझी चूक झाली आहे.' बस्स, एवढंच. मुलींचं नाव घेतलं असतं तर चौकशी झाली असती आणि आमच्या घरोघरी निरोप गेले असते. नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या नावावर शेरा बसला. आम्हाला मात्र परीक्षेहून येताना खळ्यात काजू वाळत घालणाऱ्या बायका ओरडून विचारत, "गो, पेपर कसो गेलो?"

निवृत्त होऊन काका फोंडाघाटाकडच्या आपल्या गावी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आले. मी चहा घेऊन पडवीत गेले. बाबा रंगात आले होते. "आपणच बांधलेली भिंत आपणच पाडलास! असो ओव्हरसियर मी जन्मात बघूक नाय. येडो रे तू, येडो!" पडवीतली चार माणसं खो खो हसली.

"होय रे, चुकला माझा," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही. मी एक वाक्य बोलले असते तर ते हसू तिथेच थांबलं असतं. मी ट्रे उचलला आणि आत गेले.

मी कणकवलीला कॉलेज केलं, पुढे नोकरी केली. काका पुन्हा भेटले नाहीत. बाबा गेले तोवर त्यांना ती भिंत का पडली हे मी सांगितलं नाही, आणि बाजारात काकांचं नाव निघालं की लोक 'येडो ओव्हरसियर' म्हणून हसत, तेही ऐकत राहिले. मला शिकायचं होतं, म्हणून त्या भल्या माणसाला मी सगळ्यांना वेडा म्हणू दिलं.