ठणठणीत गल्ली

दुसऱ्याच्या घरात डोकावणं हा कुणाचा दुर्गुण असतो, कुणाचा छंद. बाईंना त्याचा पगार मिळायचा. फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक संशोधन संस्था होती. ती समाजाचा अभ्यास करायची. समाजाला त्याची कल्पना नव्हती. तिथे बाई सत्तावीस वर्षं नोकरीला होत्या. दार वाजवायचं, छापील प्रश्न छापल्यासारखा विचारायचा, उत्तरापुढच्या चौकोनात खूण करायची, आणि कुत्रं अंगावर आलं तर आधी फॉर्म वाचवायचे, एवढंच काम. अख्खं शहर त्यांना फॉर्मवाल्या बाई म्हणायचं. कुणाकडे किती बादल्या आहेत हे त्यांना पाठ होतं. कोण सुनेसमोर एक बोलतं आणि सून आत गेली की दुसरंच, हेही ठाऊक होतं. पण त्याला फॉर्मात चौकोन नव्हता.

घरी मात्र त्यांच्या ज्ञानाला कुणी भीक घालत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "जगाला विचारत फिरते, घरात माणसं किती, खोल्या किती. इथे एक माणूस सकाळपासून दाढ धरून बसलंय, ते हिच्या हिशेबातच नाही." नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. काहीही विचारलं की डोळ्याला भिंग लावायचा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बाईंनी त्याला मनातल्या मनात 'सांगता येत नाही' या चौकोनात टाकलं, आणि तेव्हापासून संसार सुरळीत चालला.

त्या वर्षी नगरपालिकेने संस्थेला लोकांच्या प्रकृतीची पाहणी करायला सांगितलं. बाईंच्या वाट्याला दोन भाग आले: टेकडीवरची नवी वसाहत आणि लाँड्रीमागची गल्ली. सातवा प्रश्न असा होता: 'गेल्या तीस दिवसांत घरातील कोणी आजारी होते काय?'

वसाहतीत हा प्रश्न विचारला की लोक आधी खुर्ची द्यायचे. एक निवृत्त बँक अधिकारी तर आतून फाइल घेऊन आले. त्यात त्यांचे अकरा आजार तारीखवार लावलेले होते. प्रत्येकाला नाव होतं, प्रत्येकाला वेगळा डॉक्टर होता. अकरावा सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला. बाईंनी 'हो' वर खूण केली. साहेबांना अकरा खुणा हव्या होत्या, पण चौकोन एकच होता.

लाँड्रीमागच्या गल्लीत बसायला कुणी सांगितलं नाही, कारण बसायला जागा नव्हती. शहरातल्या सगळ्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. माणसं सात ते तीन वाफेत उभी राहून घरी यायची, आणि त्यांच्या अंगाला दुसऱ्यांच्या झोपेचा वास यायचा. सातवा प्रश्न ऐकला की ती हसायची. "आजारी? छे हो! सगळे ठणठणीत." बाई खूण करून पुढे जायच्या. दोनशे बारा घरं त्यांनी पाच दिवसांत उरकली.

अहवाल आला. वसाहतीत शंभरातल्या अडतीस घरांत आजार, गल्लीत शंभरातल्या चार घरांत. संस्थेचे संचालक खूश झाले. त्यांना सगळे पाठीमागे सरासरी म्हणायचे, कारण ते उंच नव्हते, बुटके नव्हते, आणि त्यांचं मत नेहमी मध्ये कुठेतरी असायचं. "निष्कर्ष लक्षवेधी आहे," ते म्हणाले. स्थानिक नगरसेवकाने तर फलक लावला, त्यावर गल्लीच्या आरोग्याखाली स्वतःचा फोटो.

पुढच्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्याच्या दारावर एक कागद चिकटला. 'रुग्णसंख्या कमी असल्याने व ताज्या पाहणीनुसार सदर दवाखाना पहिल्या तारखेपासून नव्या वसाहतीत हलवण्यात येत आहे.' आतला कंपाउंडर शब्दकोडं सोडवत बसला होता. तो खुशीत होता. टेकडीवर वारा असतो.

बाई घरी जाताना कागद वाचायला थांबल्या. ताजी पाहणी म्हणजे आपणच, हे कळायला त्यांना दोनदा वाचावं लागलं. शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर चौथ्या पायरीला एक मावशी बसल्या होत्या. लाँड्रीत ओल्या चादरी पिळायच्या. त्यांच्या दारात बाईंनी स्वतः 'नाही' वर खूण केली होती.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. बसलेय. तिसरा मजला आहे ना, वाटेत दोनदा बसते."

"मागच्या महिन्यात मी विचारलं तेव्हा तर ठणठणीत म्हणालात."

"मग? आजारी कुठे होते? आजारी म्हणजे माणूस अंथरुणात. मी एक पाळी चुकवली नाही."

"आणि हा खोकला?"

"तो वाफेचा आहे. सगळ्यांनाच असतो." मावशींनी हात पदराखाली घेतले. बोटांना सोड्याने चिरा पडल्या होत्या.

"दवाखान्यात का गेला नाहीत? चार पावलांवर तर आहे."

"दहा ते एक उघडा असतो. तेव्हा मी चादरी पिळते. खोकल्याला कोण रजा देणार, तू?"

बाई तिथेच उभ्या राहिल्या. दोनशे बारा खुणा. सुबक, रेषेच्या आत. कुणीच खोटं बोललं नव्हतं, त्यामुळे कुणाला पकडताही येत नव्हतं. वसाहतीत दुखण्याला नाव द्यायला वेळ होता, म्हणून ते मोजलं गेलं. इथे दुखणं कामावर जात होतं, आणि जे कामावर जातं ते बिनआजारी. आणि आता या बिनआजारी लोकांचा दवाखाना बाईंच्याच खुणांवर बसून टेकडी चढणार होता.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, सातवा प्रश्न चुकलाय."

"बाई, सातवा प्रश्न चौदा शहरांत विचारलाय. तो बदलला की तुलना मेली."

"माणसं मेली की तुलना सोपीच जाते, सर."

संचालकांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते. फक्त माणसांकडे बघताना त्यांना मध्ये एखादा तक्ता लागायचा. "काय विचारायचं म्हणता?"

"गेल्या महिन्यात दुखण्याखुपण्यामुळे कुठलं काम करताना मध्येच थांबावं लागलं?"

"हे तर उत्तर तोंडात घालणं झालं. असं विचारलं की सगळेच थांबतात."

बाईंना हे पटलं. सत्तावीस वर्षांत लोकांच्या तोंडात काय काय घालता येतं हे त्यांनी पाहिलं होतं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "मग वसाहतीतही हाच विचारू. साठ घरं इथली, साठ तिथली. गल्लीत मी नाही जाणार. तुम्ही जा. माझं तोंड बघून लोक बोलले असं नको."

संचालक पंधरा वर्षांत कुणाच्या दारात गेले नव्हते. पहिल्या दारात त्यांनी स्वतःचं नाव, पदवी आणि पाहणीचा उद्देश सांगितला, आणि आतून आवाज आला, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही!" तिसऱ्या दारात एका बाप्याने त्यांच्या हातात बाळ दिलं आणि दूध गरम करायला गेला. संचालकांनी बाळाला सांभाळत फॉर्म भरला. अक्षर वाकडं आलं. पण त्यात लिहिलं होतं: रात्री उजवा हात उचलला जात नाही, म्हणून बाळाला डाव्या हाताने घेतो. मावशींच्या घरी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत संचालक स्वतःच दोनदा बसले होते.

बाई वसाहतीत गेल्या. बँकवाल्या साहेबांनी फाइल आणली. बाईंनी नवा प्रश्न विचारला.

"थांबावं लागलं? मला?" साहेब चिडलेच. "रोज पाच किलोमीटर चालतो मी!"

रविवारी दोघांनी फॉर्म टेबलावर पसरले. वसाहतीत साठातली सात घरं थांबली होती. गल्लीत साठातली त्रेचाळीस. संचालकांनी दोनदा मोजलं, मग बाईंना मोजायला लावलं, मग खिडकीबाहेर बघत बसले. छापून झालेल्या अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं.

नगरपालिकेच्या बैठकीत ते उभे राहिले तेव्हा बाई मागच्या बाकावर होत्या. अधिकाऱ्याने दोन्ही तक्ते वाचले आणि विचारलं, "म्हणजे पहिल्या वेळी लोक खोटं बोलले?"

"नाही."

"मग आता खोटं बोलतायत?"

"नाही. दोन्ही वेळी खरंच बोलले. पहिल्या वेळी विचारायला आम्ही चुकलो." एवढं बोलून संचालक खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं मत मध्ये नव्हतं, आणि ते त्यांना मानवलेलं दिसत नव्हतं. सारखे पाणी पीत होते.

अधिकाऱ्याला जेवायला जायचं होतं. "दवाखाना राहू दे तिथेच," तो म्हणाला. "आणि वेळ काय म्हणता तुमची?"

"चार ते सात," मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

आठवड्याने संस्थेकडून बाईंना समज देणारं पत्र मिळालं: मंजूर प्रश्नावलीबाहेर चौकशी केल्याबद्दल. खाली संचालकांचीच सही. नियम तसा होता. बाईंनी पोच दिली आणि संध्याकाळी दवाखान्याकडे गेल्या.

रांग दारातून बाहेर, फलकावरच्या नगरसेवकाच्या फोटोपर्यंत आली होती. मावशी सहाव्या होत्या. आत डॉक्टरीण एकेकाचे हात उलटेसुलटे करून बघत होती. कंपाउंडरने बाईंना पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या, या! दोन महिन्यांपूर्वी अख्खी गल्ली ठणठणीत होती. या आल्या, प्रश्न विचारले, आणि बघा, सगळे आजारी!"

रांग हसली. हसताना निम्म्या रांगेला खोकला आला.

बाईही हसल्या. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मोजू लागल्या. मावशी साडेपाचला आत गेल्या आणि औषधाची बाटली घेऊन बाहेर आल्या. सातला कंपाउंडरने कडी लावली तेव्हा सतरा जण बाहेरच राहिले होते. त्यातले पाच जण, उद्यापासून दुसरी पाळी आहे, तीन ते अकरा, येता येणार नाही, असं आपसात बोलत निघून गेले.

सतरातले पाच. बाईंनी समज देणाऱ्या पत्राच्या पाठीवर ते लिहून ठेवलं. सकाळी संचालकांना हे सांगायचं होतं, आणि त्यांना ते अजिबात आवडणार नव्हतं.