बारा नंबरची गैरहजेरी

नववीला मी खर्ड्याहून एसटीने जामखेडच्या हायस्कुलात जायला लागले. गणिताचे सर शिस्तीचे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी नवी रीत काढली. तास सुरू झाला की हजेरीच्या क्रमाने एकेकीला फळ्यावर बोलवायचे आणि सरावसंचातलं एकेक उदाहरण सोडवायला लावायचे. काल जिथं थांबले तिथून आज पुढे.

माझा नंबर चौदा. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की आपल्याला कितवं उदाहरण येणार हे आधीच कळतं. मग बाकीची कशाला करायची? मी तेवढं एकच उदाहरण पाठ करून जायला लागले. दोन महिने मी वर्गात हुशार म्हणून वावरले.

एके दिवशी नवा सरावसंच दहा नंबरपासून सुरू होणार होता, म्हणजे मला पाचवं. मी ते घोकून गेले. तास सुरू झाला आणि बारा नंबर जागेवर नाही. ती बहिणीच्या हळदीला गेली होती. तिच्यानंतरच्या सगळ्यांची उदाहरणं एकेकाने अलीकडे सरकली आणि माझ्या वाट्याला चौथं आलं.

मी सरळ जाऊन पाचवं लिहायला घेतलं.

"मी चौथं सांगितलं," सर म्हणाले.

"सर, पाचवं जास्त अवघड हाय, म्हणून आधी तेच घेतलं."

"असू दे. आधी सोपं दाखव."

मी खडू धरून उभी राहिले. काहीतरी लिहावं म्हणून फळ्यावरची तारीख गिरवली. मग वार गिरवला. सरांनी पाच मिनिटं वाट बघितली आणि मला जागेवर बसवलं.

त्यानंतर मी खबरदारी म्हणून मागचं-पुढचं मिळून तीन उदाहरणं करून जायला लागले. शिवाय संध्याकाळी आईच्या मोबाईलवरून माझ्या आधीच्या नंबरवाल्या मुलींना फोन करायचे. "ताप न्हाई ना? उद्या येनार ना?" आईला वाटायचं, पोरगी लई मायाळू आहे.

पण लग्नसराई भरात आली. रोज कुणीतरी दांडी मारायचं. एकदा तर एका गावाची एसटीच आली नाही आणि पाच जणी एकदम गैरहजर. माझं गणित कोलमडलं. शेवटी वैतागून मी अख्खा सरावसंच सोडवून जायला लागले. त्यात फोन करण्यापेक्षा कमी वेळ जातो, हे पाहून मलाच नवल वाटलं. तासाच्या आधी मुली पाण्याच्या टाकीपाशी मला गाठायच्या. त्यांना समजावताना माझ्या डोक्यात ते आणखी पक्कं बसायचं.

दुसऱ्या सत्राच्या चाचणीत मला गणितात वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. सरांनी शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, एक अनोळखी उदाहरण दिलं. मी ते सोडवलं.

"शिकवणी लावलीस का?"

"न्हाई सर."

"मग हे कसं जमलं?"

मला खोटं बोलवेना. हजेरीचा क्रम, हळद, फोन, न आलेली एसटी, सगळं सांगून टाकलं. सर शांतपणे ऐकत होते. शेजारच्या इंग्रजीच्या बाईंना मात्र हसू आवरेना, त्यांनी वहीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरीचा क्रम बंद केला. डोळे मिटून हजेरीपटावर बोट ठेवायचे, ज्या नावावर पडेल ती उठायची. हे कुणामुळे झालं ते वर्गाला मधल्या सुट्टीपर्यंत कळलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"तुज्यामुळं आता समदंच करावं लागतंय," ती म्हणाली. "आठवं सांग."

मी सांगितलं. दहावीच्या बोर्डात गणितात तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले.