वेगळ्या चुलीजवळची मांजर

माणसांपेक्षा मांजरं मला लवकर कळतात, अशी लग्नाआधी माझी समजूत होती, आणि कुणी विचारो न विचारो, ती मी ऐकवत असे. चंद्रपूरला आमच्या चाळीत मांजरांना तोटा नव्हता. शेपटी उभी आणि टोक जरासं वाकलेलं, म्हणजे स्वारी खुशीत. कान मागे आणि शेपटी जमिनीवर आपटत असेल तर हात लावू नका, ओरखडा खाल. डोळे अर्धे मिटून तुमच्याकडे बघत असेल तर तुम्ही तिच्या मर्जीतले. आणि उडी चुकली की मांजर काही झालंच नाही अशा थाटात खाली बसून अंग चाटायला लागते. ती तिची लाज. एवढ्या विद्येच्या भांडवलावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वैनगंगेकाठच्या एका गावात सून होऊन आले.

सासरचं घर मासेमारीचं. सासू, सासरे, नवरा, मोठी जाऊ आणि मी. मोठे दीर बल्लारपूरला कामाला होते, सणाला तेवढे यायचे. शिवाय एक काळीपांढरी मांजर, जिला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. सासरे आणि नवरा डोंगा घेऊन नदीत जाळी टाकायला जात. उन्हाळाभर अंगणात मासोळ्या आणि झिंगे वाळत पडलेले असत. पहिले काही दिवस मला माझ्या केसांनाही तो वास यायचा. मग यायचा बंद झाला.

अशा घरात सासूबाई मासे खात नव्हत्या. माझ्या लग्नाच्या आधी नवऱ्याला मलेरिया होऊन ताप मेंदूत गेला होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडलेला असताना सासूबाईंनी मार्कंड्याच्या देवाला नवस बोलला, पोरगा उठला तर मासा सोडीन. जिनं उभा जन्म मासे कापले, वाळवले, बाजारात विकले, तिच्याजवळ देवाला देण्यासारखं दुसरं होतं तरी काय! पोरगा उठला. तेव्हापासून पडवीत त्यांची वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळे दोन गंज, म्हणजे पातेली. त्या भांड्यांना कुणी हात लावायचा नाही. गावातल्या बाया आजारी लेकरं कडेवर घेऊन येत आणि त्यांच्या हातून अंगारा लावून घेत. मी घरात पाऊल टाकलं त्याच आठवड्यात जाऊ मला म्हणाली, "मायच्या नवसावर तुवं कुकू आहे वो. त्या चुलीकडं चुकूनबी मासा नेजो नोको."

मी नेला नाही. उलट त्या चुलीची मला भीतीच वाटायची.

पावसाळ्यात नदी फुगली की डोंगा बाहेर काढता येत नाही. त्या दिवसांची बेगमी म्हणून सुक्या झिंग्यांनी भरलेलं मडकं स्वयंपाकघरात शिंक्यावर टांगलेलं असायचं. त्या वर्षी ते मडकं भराभर हलकं व्हायला लागलं. जाऊ रोज शिंक्याखाली उभी राहून मडक्याला बोट लावून बघायची आणि भिंतीला सांगायची, "घरात नवीन माणूस आलं का वस्तूले पाय फुटतेत."

"मले काऊन म्हणून राह्यल्या?" मी एकदा तोंडावर विचारलं.

"मी कुठी तुले म्हणून राह्यली? मी तं मडक्याले म्हणून राह्यली."

मी जात्याच तापट. चोरीचा आळ आणि तोही झिंग्यांचा! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आता खरा चोर पकडूनच दाखवते, असं मनाशी म्हटलं आणि मांजरीवर पाळत ठेवली.

चोर ती नव्हती, हे मला लगेच कळलं. ती शिंक्याखाली यायची, मान वर करायची, मागचे पाय सावरत बूड हलवायची, अंदाज घ्यायची, आणि उडी न मारताच खाली बसून पंजा चाटायला लागायची. एवढं उंच आपल्याला जमणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुपारी सगळे आडवे झाले की ती भलत्याच ठिकाणी जायची. पडवीत, वेगळ्या चुलीजवळ. तिथं शिजायचं काय, तर वरण आणि अंबाडीची भाजी. तरीही तिची शेपटी ताठ, टोक वाकलेलं. जाऊ मासे कापायला बसली की हीच मांजर भोवती गोल गोल फिरत घर डोक्यावर घ्यायची. सासूबाईंपाशी मात्र तोंडातून आवाज नाही. ती त्यांच्या मनगटाला गाल घासायची, पुढचे पाय मांडीवर टेकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची, आणि मग त्यांची बोटं चाटायची. एकेक बोट, नखापासून, सावकाश. सासूबाई हात पुढे धरून दुसरीकडे बघत बसलेल्या असायच्या.

वरणासाठी मांजर कुणाची बोटं चाटत नाही.

दाराच्या फटीतून मी ते बघितलं. पहिला विचार नवऱ्याचा. हिनं नवस मोडला, आता याला काही झालं तर? भीतीमागून रागही आला, की माझ्यावर आळ येतोय आणि ही गप्प बसून ऐकते. पण सगळ्यांत जास्त मला लाज वाटली. तिची वाटली की माझी, ते तेव्हा धड कळलं नाही. म्हातारं माणूस न्हाणीत असताना चुकून दार उघडावं तसं झालं होतं. त्यानंतर सासूबाई जेवायला बसल्या की मी मुद्दाम विहिरीवर जायचे. त्यांच्या हातांकडे बघणं मी सोडून दिलं.

पोळ्याला पाहुणे आले. सासऱ्यांचे चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सगळे नदीकाठचेच. जावेनं मडकं खाली उतरवलं तर तळाशी मूठभर झिंगे. तिनं ते मडकं तसंच अंगणात नेऊन सगळ्यांसमोर उपडं केलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

सासरे भला माणूस. पाहुण्यांदेखत घरातल्या सुनेची शोभा होऊ नये म्हणून ते घाईघाईनं म्हणाले, "मांजरीचंच काम आहे हे. पोत्यात भरा तिले, अन् पुलावरून नदीपल्याड सोडून या."

मांजरीची उडी तिथवर पोचत नाही, हे मला एका शब्दात सांगता आलं असतं. पण मांजर नाही तर मग कोण? मी, नाहीतर दुसरं कुणी. त्या दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि ते गिळून मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. नवऱ्यानं मांजरीला मानेला धरून पोत्यात टाकलं आणि तोंड सुतळीनं बांधलं. पुराच्या पाण्याचा आवाज घरापर्यंत येत होता. पोतं आतून हलत होतं, आणि मांजर ओरडतही नव्हती.

"थांब गा," पडवीतून आवाज आला.

सासूबाई अंगणात आल्या. नवऱ्याच्या हातातून त्यांनी पोतं घेतलं, उकिडव्या बसल्या आणि सुतळी सोडायला लागल्या. सुतळी ओली होती, गाठ सुटेना, त्यांनी दातांनी सोडवली. पोत्यातून सुटलेली मांजर काय करते हे मला तोंडपाठ होतं. पोट जमिनीला, कान मागे, आणि जी धूम ठोकेल ती चार दिवस दिसणार नाही. ती बाहेर आली तेव्हा तिची शेपटी फुलून जाड झालेली होती. अंगणातल्या एवढ्या पायांकडे तिनं एकदा बघितलं. मग सासूबाईंच्या हाताला नाक लावलं, आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत त्यांची बोटं चाटायला लागली.

मासेमारीच्या घरातल्या माणसांना मांजर काय चाटते ते सांगावं लागत नाही. एका पाहुणीनं तोंडाला पदर लावला. सासूबाईंना हात मागे घेता आला असता. त्यांनी घेतला नाही. मांजर चाटत होती आणि त्या मान खाली घालून म्हणाल्या, "तिले काऊन नेता? मीनंच खाल्ले."

नवऱ्यानं खाली पडलेलं रिकामं पोतं उचललं. ते हातात धरून तो हळूच म्हणाला, "मी बरा आहो न, माय."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सासरे उठून नदीकडे निघून गेले. सासूबाई पडवीत गेल्या, आपले दोन गंज आणि तवा घेऊन घरामागे गेल्या आणि राखेनं घासायला बसल्या. भांडी सकाळीच घासलेली होती, चकचकीत होती. त्या घासत राहिल्या. मला उडी चुकलेली मांजर आठवली आणि तसं आठवल्याची चीड आली. सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसावं, एक गंज आपण घ्यावा, एवढंच करायचं होतं. पण त्या भांड्यांना हात लावायचा नसतो, असं मनाला सांगून मी स्वयंपाकघरातल्या चुलीकडे वळले.

त्यानंतर सासूबाईंनी मासा खरोखर सोडला. चूल वेगळीच राहिली, पण लेकरं घेऊन येणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. मांजर काही दिवस दुपारची जात राहिली. बोटांचा वास घ्यायची, थांबायची, पुन्हा एकदा घ्यायची आणि शेपटी खाली सोडून परत यायची. मग तीही जाईनाशी झाली. सासूबाई त्या वेळी हात मांडीवर ठेवून बसलेल्या असायच्या.

दिवाळी झाली आणि नवऱ्याला ताप भरला. भर दुपारी अंगावर गोधड्या घालूनही तो थडथडत होता. सासरे बोटाचं रक्त तपासणाऱ्या माणसाला बोलवायला गेले होते. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वर बघितलं. सुनेनं सासूच्या तोंडाकडे बघावं, काय करू ते विचारावं. माझी नजर गेली ती थेट त्यांच्या हातांकडे.

त्यांना ते कळलं. माणसाची नजर वाचायला त्यांना मांजरं पाळावी लागली नव्हती.

त्या आत आल्या, माझ्यासमोर बसल्या. दोन्ही हात पालथे केले, मग उताणे केले आणि माझ्या नाकापाशी धरले. आवाज चढवला नाही. "घे," म्हणाल्या, "वास घे."

नको माय, म्हणून ते हात खाली करायचे होते. आज इतक्या वर्षांनी मी मनातल्या मनात ते कितीदा तरी केलंय. त्या दिवशी मी वाकले आणि वास घेतला. राखेचा होता, थोडा अंबाडीचा. बाकी काही नव्हतं.

नवरा गोळ्या खाऊन उठला. साधा हिवताप होता. सासूबाई आता नाहीत, आणि शेवटपर्यंत त्या मला त्या दुपारबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, माझ्या बाळंतपणात त्याच हातांनी मला न्हाऊ घालतानाही नाही. मांजरीनं निदान वास घेऊन ती बोटं चाटली होती. मी नुसता वास घेतला.