समोरचे दात

साठी उलटल्यावर दाढ दुखली म्हणून शिरूरला गेलो. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, तुमचे समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. ऑपरेशन करून जबडा नीट बसवता येईल. पण इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

कळणार कसं? भाकरी हातानं मोडायची, कांदा बुक्कीनं फोडायचा, ऊस दाढेनं सोलायचा. समोरच्या दातांना आम्ही काम दिलंय कुठं?

घरी येऊन बायकोला विचारलं, "पेरू समोरच्या दातांनी तोडताना कसं वाटतं गं?"

"त्यात काय वाटायचंय?" म्हणत तिनं पेरूचा कचकन चावा घेतला आन् उरलेला माझ्या हातात दिला. त्यावर तिचे दात ओळीनं उमटले होते.

ऑपरेशनचं अजून ठरत नाही. पण अशी सही मी आजवर एकाही पेरूवर केलेली नाही.